स्वतःच्या वर्षांची मालकीण : डॉ. रखमाबाई

नागपूरच्या महालात गांधी गेटमधून शिरून बडकस चौकाकडे चालत गेले की दवाखान्यांच्या पाट्या दिसू लागतात. त्यांत बाईच्या नावापुढे एम.डी. लिहिलेली पाटी आज कुणाला नवलाची वाटत नाही. भोसल्यांच्या या जुन्या राजधानीतून मेडिकल कॉलेज तर रिक्षाने थोड्या वेळाच्या अंतरावर. पण बाईच्या नावापुढे ही दोन अक्षरे लागावीत म्हणून या देशात काय किंमत मोजावी लागली, हे किती जणांना ठाऊक आहे? डॉ. आनंदीबाई जोशींचे नाव पाठ्यपुस्तकांनी घराघरात पोहोचवले. त्याबद्दल आमची तक्रार नाही. १८८६ साली अमेरिकेत एम.डी. झालेली ही मुलगी वर्षभरात, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी गेली. तिच्याविषयी आम्हाला आदरच आहे. पण त्याच काळात, त्याच महाराष्ट्रात, एका सुताराच्या पोरीने हीच पदवी मिळवली, पस्तीस वर्षे रुग्णसेवा केली, आणि तरीही तिचे नाव आमच्या घरांत फारसे घेतले जात नाही. ती म्हणजे डॉ. रखमाबाई.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईचा. वडील जनार्दन पांडुरंग त्या लहान असतानाच वारले. आई जयंतीबाई सतराव्या वर्षी विधवा झाली. त्यांच्या सुतार जातीत विधवेच्या पुनर्विवाहाला बंदी नव्हती, ही गोष्ट नीट लक्षात घ्या. विधवेचे केस भादरून तिला कोपऱ्यात बसवणे ही वरच्या जातींची संस्कृती होती, कष्टकऱ्यांची नव्हे. जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरा विवाह केला. सखाराम अर्जुन हे वैद्यकाचे आणि वनस्पतिशास्त्राचे मोठे जाणकार. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी ते एक होते. अशा घरात रखमाबाईंच्या हाती पुस्तके आली.

पण अकराव्या वर्षी त्यांचे लग्नही झाले. नवरा दादाजी भिकाजी एकोणीस वर्षांचा. त्याने सासऱ्याच्या घरी राहून शिकावे असे ठरले होते. शिक्षण त्याने सोडले आणि तो मामाकडे राहायला गेला. रखमाबाई मात्र आईच्याच घरी राहिल्या. मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून स्वतःच्या बळावर वाचत राहिल्या. अशी वर्षे गेली. १८८४ साली दादाजीला बायको आठवली. त्याने वकिलाची नोटीस धाडली आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयात वैवाहिक हक्क परत मिळवण्याचा दावा लावला. त्याच्या दृष्टीने बायको ही त्याची मालमत्ता होती. ती त्याला ताब्यात हवी होती.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अजाण वयात लग्न लावून दिलेल्या स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध नवऱ्याकडे ढकलणे हे न्यायाला धरून नाही, आणि असा दावा ही मुळात इंग्रजी कायद्यातून आलेली चीज आहे, हिंदू कायद्यात तिला आधार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मग काय! सनातन्यांचा तिळपापड झाला. इंग्रजांच्या कायद्याला नाके मुरडणारी मंडळी बाईला जखडण्यासाठी त्याच इंग्रजी कायद्याच्या आसऱ्याला धावली. धर्म बुडाला अशी ओरड झाली. टिळकांनी दादाजीची बाजू उचलून धरली आणि या सगळ्याचे खापर मुलींच्या शिक्षणावर फोडले. दरम्यान टाइम्स ऑफ इंडियात एका हिंदू स्त्रीची पत्रे निनावी छापून येत होती. बालविवाहाने मुलीचे शिकण्याचे वय कसे गिळून टाकले, हे त्या पत्रांत रोखठोक मांडलेले होते. ही पत्रे लिहिणारी बाई म्हणजे स्वतः रखमाबाईच होत्या.

दादाजीने अपील केले. खटला पुन्हा चालला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नवऱ्याच्या घरी नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. वय किती? बावीस! ज्या वयात आमच्या मुली एम.बी.बी.एस.च्या शेवटच्या वर्षाला असतात, त्या वयात ही बाई तुरुंगाच्या दारात उभी होती. देशात आणि इंग्लंडात खळबळ उडाली. अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजीने आपला हक्क सोडला आणि लगेच दुसरे लग्नही केले.

आता त्यांची वर्षे त्यांची झाली. मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना डॉक्टर होण्याचे बळ दिले आणि निधी उभा करायला मदत केली. १८८९ साली रखमाबाई इंग्लंडला गेल्या आणि स्त्रियांसाठी निघालेल्या लंडनच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाल्या. पुरुषांच्या कॉलेजांनी दारे लावून घेतली म्हणून १८७४ साली सोफिया जेक्स-ब्लेक यांनी ती शाळा काढली होती. या शाळेत शिकायला मिळे, पण पदवी देण्याचा अधिकार शाळेला नव्हता. परीक्षा बाहेरच्या संस्थांत द्यावी लागे. रखमाबाईंनी १८९४ मध्ये स्कॉटलंडच्या वैद्यकीय संस्थांची परीक्षा दिली आणि एम.डी. मिळवली ती बेल्जियमच्या ब्रुसेल्स विद्यापीठातून. चार वर्षे कोर्टात आणि पाच वर्षे अभ्यासात, असा त्यांच्या पदवीचा हिशेब आहे.

परत आल्यावर त्यांनी सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयाचा कारभार हाती घेतला आणि १९१७ पर्यंत तो चालवला. प्लेगच्या साथीत काम केले. पुढे राजकोटच्या जनाना रुग्णालयात १९२९ च्या सुमारापर्यंत सेवा केली. निवृत्तीच्या वयातही पडदा पद्धतीविरुद्ध पुस्तिका लिहिली. १९०४ साली दादाजी वारला तेव्हा त्यांनी विधवेचे पांढरे पातळ नेसले, असे त्यांच्या चरित्रात येते. हे वाचताना मन चरकते. कोर्टाच्या हुकमाला न झुकलेली बाई समाजाच्या सावलीतून पुरती सुटली नाही. हा दोष त्यांचा नव्हे. व्यवस्था किती खोल मुरलेली असते, याचा तो पुरावा आहे.

ही व्यवस्था कशी चालते हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियातील आपल्या निबंधात उलगडून दाखवले. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह हे तिन्ही जात टिकवण्याचे मार्ग आहेत. जात टिकवायची तर बाई कुणाच्या ताब्यात राहील, हे जातीनेच ठरवावे लागते. म्हणून रखमाबाईंनी जो लढा घरातला म्हणून सुरू केला, तो खरे पाहता जातिव्यवस्थेच्या मुळावरच घाव घालणारा होता. आणि म्हणूनच २० जुलै १९४२ रोजी याच नागपुरात भरलेल्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी हजारो आयाबहिणींना सांगितले की मुलींना शिकवा आणि त्यांच्या लग्नाची घाई करू नका.

वाचकहो, २५ सप्टेंबर १९५५ रोजी रखमाबाईंचे निधन झाले. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा लागू झाला होता. घटस्फोटाचा हक्क आला, हे मोठेच पाऊल. पण दादाजीने जो दावा लावला होता, तसाच दावा त्या कायद्याच्या कलम ९ मध्ये आजही शिल्लक आहे. आता तो नवऱ्याला आणि बायकोला, दोघांनाही लावता येतो, आणि त्यासाठी तुरुंग होत नाही, एवढेच. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे, हे विसरू नका.

आज आमच्या मुलींसमोर दार उघडे आहे असे म्हणतात. नागपूरचे मेडिकल कॉलेज १९४७ मध्ये सुरू झाले. अखिल भारतीय कोट्यातील पदव्युत्तर जागांवर अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण मिळायला मात्र २००७ साल उजाडावे लागले, तेही सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर! एम.डी.ला तीन वर्षे लागतात, प्रबंध लिहावा लागतो, त्यावर मार्गदर्शकाची सही लागते. तिथे रँकच्या आडून जात विचारली जाते. जळगाव जिल्ह्यातून आलेली तडवी भिल्ल समाजाची डॉ. पायल तडवी मुंबईत स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने वसतिगृहात आत्महत्या केली. वरिष्ठांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला, प्रकरण न्यायालयात गेले. रखमाबाईंनी ज्या विद्येसाठी तुरुंग पत्करायची तयारी ठेवली, त्याच विद्येच्या दारात सव्वाशे वर्षांनी आमची एक लेक मेली.

कॉलेजातल्या जातीयवादाशी संघटनेने लढायचे आहे, त्यात कसूर नको. पण घरातले काय? आम्ही असे कितीतरी संसार पाहतो, जिथे मुलगी एम.बी.बी.एस. झाली की नातेवाइकांची घाई सुरू होते. आता पुरे झाले, वय निघून चालले, स्थळ हातचे जाईल. बाबासाहेबांची शिष्यवृत्ती १९१७ मध्ये संपली, अभ्यास अर्ध्यावर सोडून परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. पूर्ण केली. त्यांच्या लेकरांनी मुलीच्या संशोधनाच्या तीन वर्षांची खळखळ करावी?

रखमाबाईंना स्वतःची वर्षे कोर्टात झगडून मिळवावी लागली. आमच्या मुलींना ती घरातून, न मागता मिळाली पाहिजेत. विहाराविहारात, वस्तीवस्तीत पदव्युत्तर परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलींसाठी अभ्यासिका आणि निधी उभा राहिला पाहिजे. आणि पुढच्या वेळी एखादी डॉक्टर लेक घरी भेटायला आली, तर लग्न कधी हे विचारू नका. तिच्या प्रबंधाचा विषय काय, हे विचारा.