विश्लेषण : खुब्याचे एक फ्रॅक्चर फिरखोंनाही का भोवले?

४ जानेवारी १९०२. बर्लिनच्या लाइपझिगर रस्त्यावर ८० वर्षांचे एक गृहस्थ चालत्या ट्राममधून उतरायला गेले आणि पडले. मांडीचे हाड खुब्याशी मोडले. हे गृहस्थ होते रुडॉल्फ फिरखो, आधुनिक विकृतिशास्त्राचे जनक. आपल्याकडचे वैद्यकीय विद्यार्थी त्यांना ‘विर्चो’ म्हणून ओळखतात. पडल्यानंतर आठ महिन्यांत, ५ सप्टेंबरला, त्यांचे निधन झाले.

फिरखो कोण होते?

जन्म १८२१ चा, पोमेरेनियातला. १८४८ मध्ये प्रशियाच्या सरकारने त्यांना अप्पर सायलेशियातली टायफसची साथ पाहायला पाठवले. या तरुण डॉक्टरने अहवालात गरिबी, निरक्षरता आणि सरकारी अनास्थेवरच बोट ठेवले. त्याच वर्षीच्या क्रांतीत ते उतरले आणि बर्लिनमधले पद गमावून बसले. पुढे सन्मानाने परतले. रोग पेशींमध्ये घडतो, हे त्यांनी १८५८ च्या ग्रंथात मांडले. संसदेत बिस्मार्कशी भांडले, बर्लिनच्या सांडपाणी योजनेसाठी झटले.

पण खुब्याच्या संदर्भात त्यांचे सगळ्यात महत्त्वाचे काम त्याआधीचे, पंचविशीतले. शवविच्छेदनात फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत सापडणारी गुठळी बऱ्याचदा पायाच्या शिरेत तयार होऊन तिथवर वाहत आलेली असते, हे त्यांनी दाखवले. ‘थ्रॉम्बोसिस’ आणि ‘एम्बोलिझम’ हे शब्द त्यांचेच. रक्त एका जागी रेंगाळले की गुठळीचा धोका वाढतो. खुबा मोडून अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पायात नेमके हेच होते.

फिरखोंचा शेवट मात्र गुठळीने नव्हे, हृदय थकल्याने झाला. हाड नीट जुळले नाही, हिंडणे-फिरणे आटले, प्रकृती ढासळत गेली.

हाड का जुळत नाही?

मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या त्याच्या मानेलगत जातात. मान मोडली की त्याही तुटतात. १९०२ मध्ये एक्स-रे होता, पण हाडात बसवायचा भरवशाचा खिळा नव्हता. तो १९३० च्या दशकात रुळला. तोवर उपाय एकच, पडून राहणे. त्यातून न्यूमोनिया, शय्याव्रण, गळून गेलेले स्नायू. आज शक्यतो एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया करून दुसऱ्या दिवशी रुग्णाला उभे करतात, ते यासाठीच. तरीही खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातला एक वर्षभरात दगावतो.

चालत्या ट्राममधून पडणे तरुणालाही महागात पडले असते, हे खरे. पण आजचे बहुतेक वृद्ध उभ्या उंचीवरून पडतात. रात्री बाथरूमला जाताना, ओल्या फरशीवर, नेसत्या साडीत पाय अडकून. एवढ्याशा पडण्याने मोडणारे हाड आधीच विरळ झालेले असते. त्याची घनता मोजणारी डेक्सा तपासणी १९८० च्या दशकात आली. तिच्या अहवालातला ‘टी-स्कोअर’ उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस. पासष्टीपुढच्या स्त्रिया, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे आणि किरकोळ पडण्याने मनगट किंवा मणका मोडलेले यांनी डॉक्टरांना या तपासणीबद्दल विचारावे. मनगटाचे प्लास्टर निघाले की घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात. हाडांची घनता तपासायची राहून जाते ती बहुधा तिथेच.