धरणाला दारे देणारा अभियंता

तुम्ही पुण्याहून सिंहगडाला कधी गेला आहात का? वाटेत खडकवासला हे गाव लागते. तेथे मुठा नदीच्या पात्रात दगडांची एक लांबच लांब भिंत उभी आहे. भिंतीच्या एका बाजूला मोठे तळे आहे. हेच खडकवासल्याचे धरण. आपल्या देशातील दगडी बांधकामाच्या पहिल्या मोठ्या धरणांत त्याची गणना होते.

त्या काळी पुण्यात आणि लष्कराच्या छावणीत पाण्याची टंचाई असे. आसपासच्या गावांत पावसाने दगा दिला की पिके वाळून जात. म्हणून इंग्रज सरकारने 1869 साली येथे धरणाचे काम सुरू केले. दगड आणि चुना वापरून दीड किलोमीटरहून लांब आणि शंभर फुटांहून उंच भिंत बांधण्यात आली. हे काम सुमारे दहा वर्षे चालले. कर्नल फाइफ या अभियंत्याच्या नावावरून तळ्याला फाइफ तलाव असे नाव मिळाले. तळ्यातून कालवे काढले. कालवा म्हणजे तुमच्या भाषेतील नहर. या कालव्यांनी शहराला पाणी दिले आणि शेते हिरवी केली.

पण शहर वाढले आणि तळ्यातील पाणी अपुरे पडू लागले. ही अडचण ज्यांनी सोडवली, त्यांचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

विश्वेश्वरय्यांचा जन्म 1857 च्या उठावानंतर काही वर्षांतच, 15 सप्टेंबर रोजी, म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या लहान गावी झाला. वडील संस्कृतचे विद्वान होते, पण घरची स्थिती बेताची होती. विश्वेश्वरय्या लहान असतानाच वडील वारले. तरीही मुलाने शिक्षण सोडले नाही. बंगलोरला इतर मुलांच्या शिकवण्या करून त्यांनी स्वतःच्या शिक्षणाचा खर्च भागवला. 1881 साली ते बी.ए. झाले. पुढे म्हैसूर सरकारने त्यांना शिष्यवृत्ती दिली आणि ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात दाखल झाले. 1883 साली अभियांत्रिकीच्या परीक्षेत त्यांनी पहिला क्रमांक मिळवला. लगेच 1884 साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांना नोकरी मिळाली. नाशिक, खानदेश, सिंधमधील सक्कर अशा ठिकाणी काम करून ते पुण्याला आले. आता फाइफ तलावाचा प्रश्न त्यांच्यापुढे होता.

हा प्रश्न नीट समजून घ्या. प्रत्येक धरणाला एक सांडवा असतो. तळे भरले की जास्तीचे पाणी सांडव्यावरून वाहून जाते. सांडवा नसेल तर पाणी भिंतीवर चढेल आणि धरणालाच धोका होईल. खडकवासल्याला दर पावसाळ्यात सांडव्यावरून पुष्कळ पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात त्याच पाण्यासाठी लोक तळमळत. मग धरणाची भिंत उंच करावी का? त्याला खर्च फार आणि जुन्या भिंतीवर भारही फार.

विश्वेश्वरय्यांनी वेगळा विचार केला. त्यांनी भिंतीला हात लावला नाही. सांडव्याच्या माथ्यावर त्यांनी लोखंडी दारे बसवली. ही दारे बंद असली की सांडव्याच्या पातळीपेक्षा सुमारे आठ फूट अधिक पाणी तळ्यात साठे. पूर आला आणि पाणी ठरावीक रेषेच्या वर चढले, की दारे आपोआप उघडत. पाणी उतरले की ती आपोआप बंद होत. मध्यरात्री पूर आला तरी माणसाने धावत जाण्याची गरज नव्हती. 1903 साली ही दारे बसली आणि तळ्याचा साठा सुमारे चौथ्या हिश्शाने वाढला. पुढे ग्वाल्हेरच्या धरणावरही अशी दारे बसवण्यात आली.

या शोधाचे पेटंट विश्वेश्वरय्यांच्या नावाने झाले होते. त्यावर त्यांना पैसे मिळू शकत होते. परंतु सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामाचा वेगळा मोबदला घेणे त्यांना योग्य वाटले नाही. त्यांनी तो नाकारला.

1908 साली हैदराबादला मुसी नदीला महापूर आला. 28 सप्टेंबरच्या त्या पुरात हजारो माणसे मेली आणि मोहल्लेच्या मोहल्ले वाहून गेले. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावून घेतले. खडकवासल्याला पाणी अडवण्याचा प्रश्न होता. येथे पुराला आवरण्याचा होता. शहराच्या वरच्या बाजूला दोन मोठी तळी बांधावीत आणि पुराचे पाणी तेथेच थोपवून हळूहळू सोडावे, असा सल्ला त्यांनी दिला. त्यातूनच उस्मान सागर 1920 साली आणि हिमायत सागर 1927 साली तयार झाला. या तळ्यांनी हैदराबादला पिण्याचे पाणीही दिले.

त्यानंतर विश्वेश्वरय्या म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. कावेरी नदीवरील कृष्णराजसागर धरणाचे काम त्यांच्या देखरेखीखाली 1911 साली सुरू झाले. 1912 ते 1918 या काळात ते म्हैसूरचे दिवाण होते. 1955 साली त्यांना भारतरत्न हा किताब देण्यात आला.

पण खडकवासल्याची कथा येथे संपत नाही. 12 जुलै 1961 रोजी, वरच्या बाजूला बांधकाम चालू असलेले पानशेतचे मातीचे धरण फुटले. सगळे पाणी खडकवासल्याच्या तळ्यात घुसले. एवढा लोंढा कोणतेही दार बाहेर सोडू शकत नव्हते. जुन्या दगडी भिंतीने काही तास तो अडवून धरला आणि मग तीही फुटली. पुण्यातील नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. तेव्हा विश्वेश्वरय्या शंभरीच्या घरात होते. पुढच्याच वर्षी, 14 एप्रिल 1962 रोजी, त्यांचे निधन झाले.

फुटलेली भिंत पुन्हा बांधण्यात आली. आज त्या धरणाला नव्या पद्धतीची दारे आहेत आणि तळे पुण्याला पाणी देत आहे. मुलांनो, पाणी किती साठवायचे आणि केव्हा सोडायचे, याचा चोख हिशेब विश्वेश्वरय्यांनी आयुष्यभर ठेवला. 15 सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस आपण अभियंता दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी तुमच्या गावाला पाणी कोठून येते, ते नक्की विचारा. जमल्यास ते तळे पाहूनही या.

स्वाध्याय

1. फाइफ तलाव कोणत्या नदीवर आहे?
2. धरणाला सांडवा का असतो?
3. विश्वेश्वरय्यांनी पेटंटचा मोबदला का नाकारला?
4. खडकवासला आणि हैदराबाद येथील प्रश्नांमध्ये कोणता फरक होता? पाच-सहा वाक्यांत लिहा.