जगभर पोहोचलेल्या सूर्यनमस्काराच्या मागे साताऱ्याच्या एका छोट्या संस्थानचा राजा होता

सकाळी उठल्यावर मोबाईल हातात घेतला की पहिल्या पाच मिनिटांत किमान एक तरी रील अशी येतेच. कुणी सांगतं साखर सोडा, कुणी सांगतं मोड आलेली कडधान्यं खा, कुणी सांगतं चेहऱ्यावर तेज हवं असेल तर रोज सूर्यनमस्कार घाला. खाली हजारो लाईक्स. नाशिकच्या गोदाकाठापासून न्यूयॉर्कच्या योगा स्टुडिओपर्यंत हा सल्ला सगळीकडे सारखाच.

पण हाच सल्ला सुमारे शंभर वर्षांपूर्वी एक मराठी राजा देत होता. नुसता देत नव्हता, तर त्यानं तो आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये सक्तीचा केला होता, त्यावर पुस्तकं लिहिली होती आणि स्वतःच्या घरापासून सुरुवात केली होती.

त्यांचं नाव श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी, औंध संस्थानचे राजे.

औंध म्हटलं की अनेकांना पुण्याचं औंध आठवतं. हे औंध ते नव्हे. हे साताऱ्याच्या खटाव तालुक्यातलं, यमाई देवीच्या डोंगराखालचं गाव. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात मराठी राज्यात प्रतिनिधी हे पद निर्माण झालं. पुढे ते परशुराम त्रिंबक यांच्या घराण्यात स्थिरावलं. या घराण्याकडे राहिलेलं संस्थान म्हणजे औंध. आकारानं अगदीच लहान, जेमतेम ७२ गावांचं. तेही सलग नाही. काही गावं साताऱ्याकडे, काही आटपाडीच्या दुष्काळी माळावर, काही कुंडलच्या बाजूला.

या घराण्यात २४ ऑक्टोबर १८६८ रोजी भवानरावांचा जन्म झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी.ए. झाले. त्या काळात संस्थानिकाच्या मुलानं पदवी घेणं ही काही रोजची गोष्ट नव्हती. शिवाय गादीवर बसण्याचा पहिला मान त्यांचा नव्हता, तो मोठ्या भावाचा होता. त्यामुळे चित्रकला, कीर्तन, वाचन आणि व्यायाम यांना त्यांच्या आयुष्यात भरपूर जागा मिळाली.

आता व्यायामाची गोष्ट.

त्या काळात जगभर एका माणसाच्या शरीराची चर्चा होती. युजिन सँडो. आजच्या बॉडीबिल्डिंगचा जनक म्हणून त्याचं नाव घेतात. त्याची पुस्तकं आणि व्यायामाची साधनं टपालानं जगभर जात. १८९७ साली भवानरावांनीही सँडोची साधनं आणि पुस्तक मागवलं. पुढची साधारण दहा वर्षं ते सँडोच्या पद्धतीनं नेमानं व्यायाम करत राहिले. छाती भरली, दंड भरले.

पण त्यांचं समाधान झालं नाही. स्नायू फुगले म्हणजे तब्येत सुधारली असं होत नाही, हे त्यांना स्वतःच्या अनुभवावरून जाणवत गेलं. आतून हलकं वाटणं, श्वास, पचन, पाठीचा कणा, दिवसभराचा उत्साह यांचं काय, हा प्रश्न उरतच होता.

याच सुमारास मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी त्यांना सूर्यनमस्कार सुचवले. मिरजकर स्वतः ते रोज घालत. १९०८ साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, भवानरावांनी सँडोला रामराम ठोकला आणि सूर्यनमस्कार सुरू केले.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. सूर्यनमस्कार भवानरावांनी शोधून काढले नाहीत. महाराष्ट्रात नमस्कार घालण्याची परंपरा जुनी आहे. समर्थ रामदास रोज शेकड्यांनी नमस्कार घालत, असं परंपरा सांगते. तालमीत पैलवान जोर-बैठकांबरोबर नमस्कार घालत. मुंज झालेल्या मुलाला घरातली वडीलधारी माणसं ते शिकवत. पण त्याकडे एक तर उपासना म्हणून पाहिलं जाई, नाहीतर पैलवानांचा व्यायाम म्हणून. योगासनांच्या जुन्या ग्रंथांत आजच्यासारखा सूर्यनमस्काराचा क्रम सापडत नाही.

भवानरावांनी काय केलं, तर या घरगुती गोष्टीला पद्धत दिली. कुठल्या स्थितीत हात कुठे, गुडघा कुठे, श्वास कधी घ्यायचा, कधी सोडायचा, हे सगळं ठरवलं. त्यांच्या पद्धतीत दहा स्थिती होत्या. सोबत बीजमंत्र आणि सूर्याची नावं म्हणायची. मंत्राच्या उच्चारानं शरीराच्या आत कंप निर्माण होतात आणि त्याचा फायदा होतो, असं त्यांचं मत होतं. ते बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट साधायची. मंत्र म्हणत, श्वास मोजत व्यायाम करताना मन इकडेतिकडे भटकत नाही. आज ज्याला माइंडफुलनेस म्हणतात, त्याची सोय त्यात आपोआप होती.

आणि खर्च किती? शून्य. ना डंबेल, ना आखाडा, ना उस्ताद. दोन-तीन हात लांब जागा असली की झालं. सँडोची साधनं राजालाच परवडणारी होती, नमस्कार शेतकऱ्याच्या पोरालाही परवडणारे होते.

दरम्यान १९०९ साली औंधच्या राजकारणानं वळण घेतलं. गादीवर असलेल्या पुतण्याला ब्रिटिशांनी पदच्युत केलं आणि ४ नोव्हेंबर १९०९ रोजी भवानराव राजे झाले. स्वतःच्या अंगणातला प्रयोग आता संस्थानभर करण्याची ताकद त्यांच्या हातात आली.

औंधच्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे झाले. मुलांना आणि मुलींनाही. मुलींनी आणि बायकांनी व्यायाम करायचा म्हणजे लोक तोंडात बोट घालत असा तो काळ. भवानरावांनी उत्तर घरातूनच दिलं. राणीसाहेब नमस्कार घालत, मुलं घालत. राजा स्वतः तर घालतच होता.

पण नमस्कार हा त्यांच्या सांगण्याचा अर्धाच भाग होता. उरलेला अर्धा होता ताटाचा.

साधं, शाकाहारी आणि कमीत कमी प्रक्रिया केलेलं अन्न खा; चहा, कॉफी, तंबाखू आणि दारूपासून लांब राहा, असा त्यांचा आग्रह असे. व्यायाम कितीही केला आणि खाणं बिघडलेलं असेल तर उपयोग नाही, हे सूत्र.

हे ते उगाच म्हणत नव्हते. तो काळच अन्नाबद्दलच्या नव्या शोधांचा होता. गिरणीत सडलेला पांढराशुभ्र तांदूळ बाजारात आला आणि फक्त तोच खाणाऱ्यांत बेरीबेरी हा आजार दिसू लागला. कारण तांदळाच्या कोंड्यातलं ब जीवनसत्त्व गिरणीत निघून जात होतं. १९१२ मध्ये कासिमिर फुंक या शास्त्रज्ञानं व्हिटॅमिन हा शब्द रूढ केला. पुढे दक्षिणेत कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी उंदरांना भारताच्या वेगवेगळ्या प्रांतांतलं जेवण खाऊ घालून पाहिलं. कोंड्यासकट पिठाची पोळी, दूध, डाळ, भाज्या हा उत्तरेकडचा आहार मिळालेले उंदीर धडधाकट राहिले. सडलेल्या तांदळावर आणि अपुऱ्या दूध-भाजीवर वाढलेले मागे पडले. आजीच्या जात्याला आणि उखळाला प्रयोगशाळेनं दिलेली ही पावतीच होती.

१९२० च्या दशकाच्या शेवटी भवानरावांचं सूर्यनमस्कारावरचं इंग्रजी पुस्तक आलं. १९३० च्या दशकात लुईझ मॉर्गन या लंडनमधल्या पत्रकार बाईंनी या राजाची दखल घेतली. त्यांनी संपादन केलेलं, आरोग्याचा दहा पायऱ्यांचा मार्ग अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक १९३८ साली लंडनमध्ये निघालं. गंमत अशी की तिथल्या वाचकांना, त्यातही बायकांना, सगळ्यात जास्त भुरळ पडली ती कमनीय बांधा आणि तजेलदार कांती या आश्वासनाची. अनेक मुलांची आई असलेल्या राणीसाहेबांचं उदाहरण त्यांच्यापुढे होतं. म्हणजे फिटनेस विकताना त्वचेचं तेज दाखवायची युक्ती काही इन्स्टाग्रामनं शोधलेली नाही.

मग प्रश्न येतो, यातलं खरं किती?

नमस्कार घातल्यानं हृदयाचे ठोके वाढतात, रक्ताभिसरण वाढतं, सांधे मोकळे होतात, झोप सुधारायला मदत होते. त्याचा परिणाम चेहऱ्यावर दिसू शकतो. पण भवानरावांचा विश्वास याच्याही पुढे जात असे. नेमानं नमस्कार घातले की आजार जवळपासही फिरकत नाहीत, असं त्यांना वाटे. हे आजचं वैद्यकशास्त्र मान्य करणार नाही. सूर्यनमस्कार हा उत्तम व्यायाम आहे, औषध नाही. कोवळ्या उन्हात भरपूर ड जीवनसत्त्व मिळतं ही समजूतही तपासून घ्यायला हवी. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्यासाठी लागणारे अतिनील किरण फार कमी पोहोचतात. आणि पाठीचं दुखणं, रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

तरीही भवानराव आजच्या कित्येक आरोग्यगुरूंपेक्षा वेगळे ठरतात. कारण त्यांनी शिस्त फक्त शरीरापुरती ठेवली नाही.

वेदांचे अभ्यासक श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्यावर इंग्रज सरकारचा रोष होता. १९१८ पासून औंधमध्ये त्यांचं स्वाध्याय मंडळ उभं राहिलं. याच सातवळेकरांनी पुढे आसनं आणि सूर्यनमस्कारांवर पुस्तकं लिहिली. त्याच वर्षी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी पुण्याच्या भांडारकर संस्थेला भवानरावांनी एक लाख रुपये देण्याचं वचन दिलं. त्याआधी १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळरान दिलं, तिथे किर्लोस्करवाडी वसली. साने गुरुजी आणि गदिमा दोघेही काही काळ औंधच्या शाळेत शिकले. १९३५ च्या इंदूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही भवानरावच होते.

आणि मग आला खरा कसोटीचा क्षण.

१९३८. वय ७०. देशभर संस्थानांमध्ये प्रजा हक्क मागत होती आणि बहुतेक राजे लाठीनं उत्तर देत होते. भवानरावांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन परतले होते. मॉरिस फ्रिडमन हा पोलंडचा गांधीवादी इंजिनियर त्यांच्या सोबत होता. यांनी राजापुढे मांडलेली कल्पना साधी होती. सत्ता लोकांना देऊन टाका.

कुणी मागे लागलेलं नव्हतं, बंड झालेलं नव्हतं. राजानं होकार दिला. वर्ध्याला गांधीजींचं मार्गदर्शन घेऊन राज्यघटनेचा मसुदा झाला आणि जानेवारी १९३९ मध्ये तो अमलात आला. गावपंचायतींच्या पायावर उभा राहिलेला हा कारभार औंधचा प्रयोग म्हणून इतिहासात ओळखला जातो.

याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू झाली. गंभीर गुन्ह्यांतल्या कैद्यांना तिथे बेड्यांशिवाय शेती करायला ठेवलं. हीच कल्पना पुढे गदिमांच्या कथेतून आणि व्ही. शांतारामांच्या दिग्दर्शनातून १९५७ च्या दो आँखें बारह हाथ या सिनेमात आली.

मार्च १९४८ मध्ये औंध संस्थान भारतात विलीन झालं. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, भवानरावांचं निधन झालं. भारतीय माणसाचं सरासरी आयुष्य चाळिशीही गाठत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. अर्थात राजवाड्यातलं जेवण आणि डॉक्टर सगळ्यांच्या नशिबी नव्हते, हेही विसरून चालणार नाही.

आज दहाचे बारा झाले, मंत्र कुठे राहिले, कुठे गळाले. रथसप्तमीला महाराष्ट्रातल्या शाळांच्या मैदानांवर हजारो मुलं रांगेत नमस्कार घालतात.

औंधला यमाईच्या डोंगरावर राजानं उभारलेलं श्री भवानी वस्तुसंग्रहालय आहे. राजा रविवर्म्याच्या चित्रांपासून हेन्री मूरच्या शिल्पापर्यंत खूप काही तिथे पाहायला मिळतं. साताऱ्याकडे जाणं झालं तर वाट वाकडी करून नक्की जा. आणि डोंगर चढताना धाप लागली, तर उद्या सकाळी किती नमस्कार घालायचे ते ठरवूनच खाली उतरा.