सेमूर पॅपर्ट : मुलांच्या हाती संगणक देणारे गणितज्ञ

संगणकाने मुलाला शिकवावे की मुलाने संगणकाला, हा प्रश्न जगासमोर मांडणारे गणितज्ञ सेमूर पॅपर्ट यांचा जन्म २९ फेब्रुवारी १९२८ रोजी दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे झाला. बालपणी त्यांना दातेरी चाकांचे विलक्षण वेड होते. पुढे समीकरणे शिकताना हीच चाके त्यांच्या मदतीला आली.

१९५८ ते १९६३ या काळात त्यांनी जिनिव्हा येथे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांच्यासमवेत संशोधन केले. मूल आपले ज्ञान स्वतःच रचत असते, हा पियाजे यांचा सिद्धांत. काहीतरी प्रत्यक्ष घडवताना ही रचना अधिक पक्की होते, अशी भर पॅपर्ट यांनी त्यात घातली.

त्यानंतर ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत दाखल झाले. संगणक खोलीभर जागा व्यापत असत, त्या काळात, १९६७ मध्ये, त्यांनी वॉलेस फ्युर्झाइग, सिंथिया सॉलोमन आदी सहकाऱ्यांसह मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली. लोगोतील आज्ञांनुसार चालणारे यांत्रिक कासव नंतर आले आणि पुढे तेच पडद्यावर अवतरले. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, म्हणून मूल कासवाला तेवढेच वळायला सांगते. पण त्रिकोण जुळतच नाही. मग मूल स्वतः उठून त्या वाटेने चालून पाहते. वळायचे असते १२० अंशांतून, हे त्याला पायांनी उमगते. ६० अंशांची ती चूकही वाया जात नाही, सहा वेळा केली की षट्कोन होतो. चूक शोधून सुधारणे हेच शिक्षण, असे पॅपर्ट मानत.

१९८० मध्ये त्यांचा 'माइंडस्टॉर्म्स' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मात्र लोगो शिकल्याने मुलांची नियोजनक्षमता वाढल्याचे १९८४ मधील एका अमेरिकी अभ्यासात आढळले नाही. वर्गातील वातावरण वगळून केवळ साधनाचा परिणाम मोजणे चुकीचे आहे, असे पॅपर्ट यांचे म्हणणे होते. ते रास्त असले, तरी ते वातावरण प्रत्येक शाळेत कसे निर्माण करायचे, हा प्रश्न शिल्लक राहिलाच.

प्रत्येक मुलाला स्वस्त लॅपटॉप देण्याच्या, २००५ मध्ये जाहीर झालेल्या जागतिक योजनेतही त्यांचा सहभाग होता. डिसेंबर २००६ मध्ये हनोई येथे मोटारसायकलची धडक बसून त्यांच्या मेंदूला गंभीर इजा झाली. पुढच्याच वर्षी या योजनेतील लॅपटॉप रायगड जिल्ह्यातील खैराट या वाडीवरच्या एकशिक्षकी शाळेत पोहोचले. पॅपर्ट यांना पूर्वीप्रमाणे काम करणे पुन्हा शक्य झाले नाही. ३१ जुलै २०१६ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, अमेरिकेतील मेन राज्यात त्यांचे निधन झाले.