मातीच्या छिद्रांतून पेट्रोल काढणारा अभियंता

युजीन हूड्री मुळात रसायनशास्त्रज्ञ नव्हतेच. १८ एप्रिल १८९२ रोजी पॅरिसजवळील दोमाँ येथे एका पोलाद व्यावसायिकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. १९११ मध्ये ते यंत्र अभियंता झाले. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या रणगाडा दलातून लढताना १९१७ मध्ये ते गंभीर जखमी झाले. युद्धानंतर घरचा व्यवसाय हाताशी होता. मन मात्र शर्यतीच्या मोटारींत रमले आणि तिथूनच उत्तम इंधनाचा ध्यास लागला.

फ्रान्सकडे स्वतःचे खनिज तेल जवळजवळ नव्हते. लिग्नाइटपासून पेट्रोल करण्याचा हूड्री यांचा कारखाना १९२९ मध्ये सुरू झाला खरा, पण खर्चाचे गणित जमेना आणि तो बंद पडला. त्याआधीच, १९२७ मध्ये, असंख्य पदार्थ पारखताना त्यांच्या हाती खरे घबाड लागले होते. ते म्हणजे आम्लाची प्रक्रिया केलेली साधी माती! सिलिका आणि अॅल्युमिना यांच्या या सच्छिद्र मिश्रणाच्या पृष्ठभागावर आम्लधर्मी जागा असतात. जड तेलाची तप्त वाफ छिद्रांत शिरली, की तिथे तिचे मोठे रेणू तुटून पेट्रोलचे लहान रेणू तयार होतात.

अडचण काजळीची होती. अवघ्या काही मिनिटांत कार्बनचा थर छिद्रे बुजवून टाकी. इतरांनी जिथे हात टेकले, तिथे हूड्री यांच्यातला अभियंता कामाला आला. गरम हवा सोडून तो थर जागच्या जागी जाळायचा आणि तीच माती पुन्हा वापरायची. एका पात्रात तेल फुटत असताना दुसऱ्यात काजळी जळत राहील, अशी पाळी त्यांनी बसवली.

मायदेशी भांडवल मिळेना, म्हणून १९३० मध्ये त्यांनी अमेरिका गाठली. १९३६ मध्ये न्यू जर्सीतील पॉल्सबरो येथे, तर १९३७ मध्ये सन ऑइल कंपनीच्या मार्कस हुक येथे मोठे संयंत्र सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या विमानांना लागणारे १०० ऑक्टेनचे इंधन बनवण्यात या पद्धतीचा मोठा वाटा होता. द गॉल यांच्या बाजूने उघडपणे उभे राहिल्याबद्दल व्हिशी सरकारने १९४१ मध्ये हूड्री यांचे नागरिकत्व काढून घेतले. युद्धात देशासाठी रक्त सांडलेल्या माणसाच्या वाट्याला हे यावे!

१९४० च्या सुमारास नैसर्गिक मातीची जागा कृत्रिम कणांनी घेतली. सोडियम सिलिकेट आणि अॅल्युमिनियमचा क्षार यांचे द्रावण मिसळले, की खिरीसारखा घट्ट जेल बनतो. तो धुऊन त्यातील सोडियम काढावा लागतो, नाहीतर आम्लता मारली जाते. मग वाळवून भाजल्यावर पाणी निघून जाते आणि मागे पोकळ्या उरतात. अशा एका ग्रॅम कणांचा आतला पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर भरतो.

१९४२ पासून प्रवाही पावडरीच्या नव्या पद्धतीने हूड्री यांची स्थिर पात्रे मागे टाकली. सच्छिद्र आम्लधर्मी घन उत्प्रेरकाची कल्पना मात्र टिकली. हूड्री पुढे वाहनांच्या धुराकडे वळले. धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरक यंत्रणेचे पेटंट त्यांना १९५० च्या दशकात मिळाले, पण पेट्रोलमधील शिसे तिला निकामी करी. १८ जुलै १९६२ रोजी त्यांचे निधन झाले. अमेरिकेत नव्या मोटारींवर अशी यंत्रणा सर्रास बसू लागली, ती शिसेविरहित पेट्रोल आल्यावर, १९७५ च्या सुमारास. मुंबईसह भारतातील चार महानगरांत नव्या मोटारींना ती १९९५ मध्ये सक्तीची झाली.