कै. वसंतराव नाईक आणि पुसदकरांचें कर्तव्य

प्रतिवर्षीं १ जुलै रोजीं महाराष्ट्रांत कृषिदिन साजरा होतो आणि कै. वसंतराव फुलसिंग नाईक यांच्या प्रतिमेस ठिकठिकाणीं हार पडतात. मुख्यमंत्री वसंतराव साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहेत; पण पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष वसंतराव किती पुसदकरांस ठाऊक आहेत, असा प्रश्न आम्हीं केला, तर आमचे पुष्कळसे वाचक क्षणभर निरुत्तर होतील. ज्या गांवास आपल्या पुढाऱ्याचें वैभव आठवतें पण त्याचा आरंभ आठवत नाहीं, त्या गांवांत नवा पुढारी घडावयाचा कसा?

वसंतरावांचा जन्म १ जुलै १९१३ रोजीं पुसद तालुक्यांतील गहुली येथें बंजारा कुटुंबांत झाला. हा तांडा त्यांचे आजोबा चतुरसिंग यांनीं वसविला. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून देशभर फिरणारा हा समाज. आगगाडी आली आणि त्याचा व्यापार बुडाला. त्यांतच इंग्रज सरकारच्या १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें अनेक भटक्या जमातींच्या कपाळीं जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. अशा काळीं भटकंती सोडून नांगर धरणें व मुलांस शाळेंत घालणें, हा मोठ्या धैर्याचा निश्चय होता. आजोबांनीं त्याचा पाया घातला; वडील फुलसिंग यांनीं तो तडीस नेला. वसंतरावांचें प्राथमिक शिक्षण आसपासच्या गांवीं फिरत फिरत झालें. पुढें नागपुरास जाऊन ते १९३८ सालीं मॉरिस कॉलेजांतून बी. ए. व १९४० सालीं एलएल. बी. झाले.

१९४१ सालीं त्यांनीं नागपूरच्या वत्सलाबाई घाटे यांच्याशीं विवाह केला. ब्राह्मण कन्येनें बंजारा तरुणास वरणें ही त्या काळीं सामान्य गोष्ट नव्हती. सुधारणेवर व्याख्यानें देणारे शेंकडों असतात. ती स्वतःच्या घरीं आणणारे थोडे. या प्रसंगीं वसंतरावांइतकेंच श्रेय वत्सलाबाईंस दिलें पाहिजे, आणि तें देण्यास आपण नेहमीं विसरतों.

अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या सहवासांत वकिलीचे धडे घेऊन ते पुसदास आले. १९४३ पासून पुसद कृषिमंडळाचें अध्यक्षपद त्यांजकडे होतें. १९४६ ते १९५२ पर्यंत ते नगरपालिकेचे अध्यक्ष होते. देश स्वतंत्र झाला त्या दिवशीं या गांवचा कारभार गहुलीच्या या पुत्राच्या हातीं होता, ही गोष्ट लहान नव्हे. नगरपालिकेचें काम म्हणजे नळ, गटार, दिवाबत्ती व शाळा. त्यांत टाळ्या थोड्या व तक्रारी फार. परंतु लोकांच्या अडचणी त्यांच्याच तोंडून ऐकण्याचें याहून चांगलें विद्यालय आम्हांस माहीत नाहीं. पुढें १९६० सालीं लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करणाऱ्या समितीचें अध्यक्षपद त्यांजकडे आलें आणि तिच्या शिफारशींवरून १ मे १९६२ रोजीं महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा सुरू झाल्या. गांवच्या कारभाराचा अनुभव गांठीं असलेला मनुष्य त्या जागीं बसला, हें राज्याचें भाग्यच होय.

१९५२ सालीं ते तेव्हांच्या मध्यप्रदेशच्या विधानसभेवर निवडून आले व उपमंत्री झाले. पुढें सहकार, शेती व महसूल हीं खातीं सांभाळून ५ डिसेंबर १९६३ रोजीं ते मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी १९७५ पर्यंत त्या पदावर राहिले. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील चारही कृषिविद्यापीठें १९६८ ते १९७२ या अवधींत उभीं राहिलीं. संकरित वाणांचा प्रसार झाला. १९७२ च्या भीषण दुष्काळांत लक्षावधि हातांस काम पुरवावें लागलें. रोजगार हमीची कल्पना त्या दिवसांतच राज्यभर रुजली. १९७७ सालीं वाशीम मतदारसंघानें त्यांस लोकसभेंत पाठविलें. १८ ऑगस्ट १९७९ रोजीं सिंगापूर येथें त्यांचें निधन झालें.

येथवर गौरव झाला. परंतु नुसत्या गौरवानें इतिहास राखला जात नाहीं. ज्या नेत्यानें शेतीस राज्यकारभाराच्या केंद्रस्थानीं आणलें, त्याचाच यवतमाळ जिल्हा पुढें कोरडवाहू कापूसवाल्यांच्या आत्महत्यांमुळें देशास ठाऊक व्हावा, हें शल्य झांकून चालणार नाहीं. कोणतें धोरण फळलें, कोणतें फसलें व कोणतें मागाहून सोडून दिलें गेलें, हें कागदपत्रांवरूनच ठरेल; पुतळा त्याचें उत्तर देत नाहीं.

म्हणून आमचें पुसदकरांस सांगणें आहे कीं, हारतुऱ्यांपलीकडे चला. १९०५ पर्यंत हा तालुका वाशीम जिल्ह्यांत होता. १९३० सालीं लोकनायक बापूजी अणे यांनीं येथेंच जंगलचा कायदा मोडला. हें सारें पुसदच्या घराघरांत सांगितलें गेलें पाहिजे. नगरपरिषदेनें जुनीं सभावृत्तें, शाळांचे दाखले व घरोघरच्या पेट्यांतील पत्रें जपण्यासाठीं एक कोरडी खोली व एक जाणता कारकून द्यावा. गोरबोलीस स्वतःची लिपि नाहीं. तांड्यांचा इतिहास वृद्ध स्त्रियांच्या गाण्यांत व आठवणींत आहे, आणि प्रत्येक अंत्ययात्रेबरोबर त्याचें एक पान जातें. शाळांतील मुलांनीं तो देवनागरींत उतरून घ्यावा. एका जयंतीच्या कमानीस जो खर्च येतो, त्यांत या कामाचा आरंभ सहज होईल.

कमान दुसऱ्या दिवशीं उतरते. जपलेला कागद नातवंडांच्या हातीं पडतो. वसंतरावांचें ऋण यांतील कोणत्या मार्गानें फेडावयाचें, तें पुसदकरांनींच ठरवावें.