सावे दादा

कुस्तीच्या फडात मल्ल डाव टाकतो, तो पापणी लवते न लवते तोच. कोणाचा पाय केव्हा सरकला, कमरेची पकड कशी सुटली, हे जाणत्या वस्तादाच्या नजरेलाही पुष्कळदा टिपता येत नाही. असे निसटते क्षण चित्रफितीवर धरून ठेवणाऱ्या आरंभीच्या भारतीयांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांचे नाव अग्रभागी आहे. लोक त्यांना सावे दादा म्हणत.

त्यांचा जन्म 1868 साली झाला. मुंबईत त्यांचा छायाचित्रणाचा व्यवसाय होता. त्या काळी पश्चिमेकडे शरीराच्या हालचाली छायाचित्रांच्या साहाय्याने अभ्यासण्याचे प्रयत्न चालू होते. 1878 मध्ये अमेरिकेत माइब्रिज यांनी ओळीने कॅमेरे मांडून धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली. दौडताना एका क्षणी घोड्याचे चारही पाय भूमीपासून सुटलेले असतात, हे त्यावरून सिद्ध झाले. फ्रान्समधील शरीरशास्त्रज्ञ मारे यांनी 1882 मध्ये एका सेकंदात बारा चित्रे घेणारे बंदुकीसारखे यंत्र बनविले. पुढे ल्युमिएर बंधूंनी चित्रे पडद्यावर चालती केली आणि 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांचा खेळ झाला.

या नव्या विद्येने सावे दादांचे मन वेधले. त्यांनी 21 गिनी मोजून लंडनहून कॅमेरा मागविला. 1899 मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या दोन मल्लांची कुस्ती लावून त्यांनी ती चित्रित केली. फीत धुण्यासाठी विलायतेस पाठवावी लागली. ती परत येईपर्यंत श्रम सफळ झाले की नाही, हे कळण्यास मार्ग नव्हता. आणि फीत बिघडली असती, तर तीच कुस्ती पुन्हा तशीच होणार नव्हती. तरीही ते डगमगले नाहीत. माकडांना कसरती शिकविताना होणाऱ्या हालचालीही त्यांनी टिपल्या. 1901 मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचे चित्रण सावे दादांनीच केले.

1958 मध्ये सावे दादा निवर्तले. त्यांची कुस्तीची फीत आज पाहावयास मिळत नाही. परंतु खेळाडूचे गुरू, वैद्य आणि कारखान्यातील कामाचा अभ्यास करणारे आज मनुष्याची हालचाल चित्रफितीवरून संथपणे, पुन:पुन्हा न्याहाळतात. ज्या वाटेने ते जातात, त्या वाटेवर सावे दादांनी आपल्या देशात फार लवकर पाऊल ठेवले होते. नवी विद्या दिसताच ती स्वकष्टाने हस्तगत करावी, हा त्यांच्या चरित्राचा बोध आहे.